गोठ्यातली सुई आणि आभाळातली गिधाडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सप्टेंबर महिन्याचा पहिला शनिवार जगभर गिधाड जागृती दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आज थोडे बोलायचे आहे. चिमणीविषयी, मोराविषयी बोलायचे म्हटले की ऐकणारे कान टवकारतात. गिधाडाचे नाव काढले की नाक मुरडतात. आपल्या भाषेतही या पक्ष्याच्या वाट्याला शिव्याच आल्या. कोणी दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवला की आपण म्हणतो, 'बसलाय गिधाडासारखा टपून.' आणि तरीही, सीतेसाठी रावणाशी झुंजताना प्राण देणाऱ्या जटायूला आपण हात जोडतो. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला त्याची आठवण म्हणून लोक श्रद्धेने जातात. जटायू पूज्य आणि त्याचे भाऊबंद मात्र अमंगळ, असा हा आपला न्याय आहे.

माझे आजोळ रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात. पुढे शाळेत विज्ञान शिकवायच्या निमित्ताने मी याच जिल्ह्यात राहिलो. त्यामुळे गिधाड मी पुस्तकात पाहण्याआधी घरामागच्या वाडीत पाहिले. आमच्याकडे आढळणारे गिधाड म्हणजे पांढऱ्या पाठीचे. ते उंच झाडावर घरटे करते. आंबा, बेहडा, आणि किनाऱ्याच्या गावांत चक्क नारळावरसुद्धा. त्याचे भाऊबंद लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या कड्यांवर, किल्ल्यांच्या कपारींत राहते. म्हणजे एक डोंगरावरचे आणि एक आपल्या शेजारचे.

हा शेजार सोपा नव्हता बरे का! आमच्या वाडीत एका नारळाच्या शेंड्यावर गिधाडाचे घरटे होते. विष्ठेने झावळ्या पांढऱ्या पडत, करपत. खाली दुर्गंधी यायची. पाडेली त्या झाडावर चढायला तयार नसायचा, म्हणजे त्या झाडाचे नारळ बुडाल्यातच जमा. मामा दरवर्षी म्हणायचे, "आई, यंदा हे घरटं काढून टाकतो." आणि आजी दरवर्षी म्हणायची, "राहू दे रे. पिल्लू उडून जाऊ दे, मग बघू." पिल्लू उडायला उन्हाळा उजाडे. मग पावसाची लगबग, मग लावणी, आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा तीच जोडी काड्या घेऊन हजर! कोकणात असे सोसणारी घरे पुष्कळ होती. कुणी याला पक्षीसंवर्धन म्हणत नव्हते. 'आहे बिचारे' एवढ्यावर ते भागत होते.

गावाला त्या पक्ष्याचा उपयोगही ठाऊक होता. गाय, बैल, म्हैस मेली की गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकत. हे ओढून नेण्याचे काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाच्या माथी मारले होते, हेही इथे सांगितले पाहिजे. १९२७ साली आमच्याच जिल्ह्यात, महाडच्या परिषदेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढे माणसांनी ते लादलेले कामही नाकारले. ते योग्यच झाले. पण माळावर गेल्यानंतरचे काम माणसाचे नव्हतेच. ते गिधाडांचे होते.

ते काम कसे चाले पाहा. गिधाडाला वास येत नाही म्हटले तरी चालेल. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर. उंच आभाळात ती एकमेकांपासून अंतर राखून घिरट्या घालतात. एकाला खाली काही दिसले आणि ते उतरू लागले की शेजारचे ते पाहते, त्याला पाहून पलीकडचे येते. बघता बघता पन्नास-साठ पाने मांडली जातात. मोठ्या जनावराचा नुसता सांगाडा उरायला त्यांना फार वेळ लागत नाही. डोके-मान जवळजवळ बोडकी, म्हणून घाण पिसांना चिकटत नाही. जठरातले आम्ल इतके तीव्र की सडक्या मांसातले कितीतरी रोगजंतू तिथेच मरतात. नगरपालिकेची गाडी नाही, डिझेल नाही, पगार नाही. सूर्य वर चढला की कामावर, मावळला की झाडावर.

१९८०च्या दशकात भारतात ही गिधाडे काही कोटींच्या संख्येने असावीत, असा अंदाज सांगितला जातो. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये जगातला बहुधा सर्वांत विपुल पक्षी समजला जाई. आणि मग दहा-पंधरा वर्षांत आभाळ रिकामे झाले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे जिथे हजार होती तिथे एक उरले. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडे मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली.

हे प्रथम नजरेस आणून दिले ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ते गिधाडे मोजत होते. माना खाली टाकून झाडावर बसलेली, मग टपकन खाली पडून मेलेली गिधाडे त्यांना दिसू लागली. आधी संशय कीटकनाशकांवर गेला, मग एखाद्या विषाणूवर. उत्तर सापडले २००४ साली, पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे तपासली. मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा युरिक आम्लाचा पांढरा थर. या पक्ष्यांच्या शरीरात एक औषध सापडले, डायक्लोफिनॅक.

हे नाव आपल्याला परके नाही. गुडघा दुखला, पाठ धरली की माणसे घेतात तेच वेदनाशामक. नव्वदच्या दशकात ते जनावरांसाठीही स्वस्तात मिळू लागले. बैल लंगडू लागला, गाईला ताप आला, म्हशीची कास दगडी झाली की एक सुई टोचायची. जनावराला आराम पडे. शेतकऱ्याचे यात काही चुकले असे कोण म्हणेल? मुक्या जिवाचे दुखणे कमी करावे, हीच त्यामागची भावना. पण सुई टोचूनही एक-दोन दिवसांत ते जनावर दगावले, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असते. माणसाला आणि गाईला सोसणारे हे औषध गिधाडाच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. काही दिवसांत ते मरते.

आता कोणी विचारील, सगळ्याच मेलेल्या जनावरांना काही हे औषध दिलेले नसते, मग इतका संहार कसा? इथे गिधाडाची पंगतच त्याच्या मुळावर आली. एका जनावरावर पन्नास-साठ जण जेवणार, आणि दर दोन-चार दिवसांनी नव्या पानावर बसणार. शास्त्रज्ञांनी गणित मांडले, तेव्हा शंभरात एकाहूनही कमी जनावरांत हे विष असले तरी एवढी घट व्हायला पुरेसे आहे, असे निघाले. उलट बाजूला भरपाई किती? जोडी वर्षाला एकच अंडे घालते. नर-मादी मिळून ते सुमारे पन्नास दिवस उबवतात, पुढे तीन-चार महिने पिल्लू घरट्यात. ते पिल्लू स्वतः वयात यायला चार-पाच वर्षे लागतात.

गिधाडे गेली, पण ढोरे मरायची थांबली नाहीत. माळावर सडत पडू लागली. तिथे भटकी कुत्री पोसली गेली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती वाढली. पाण्याच्या काठी टाकलेल्या जनावरांनी पाणी नासले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचा शतकांचा अंत्यसंस्कारही अडला. सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. एका पक्ष्याच्या जाण्याने कुणाकुणाच्या घराचे दार वाजले, पाहा.

सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करत नाही, हेही सिद्ध झाले होते. जनावराचे दुखणे तेही कमी करते. पण पळवाट निघाली. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरची, एका वेळेपुरतीच असावी, असा नियम झाला. २०२३ साली जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होते! पाठोपाठ निमेसुलाइडचीही तीच गत झाली.

या सगळ्याने घसरण मंदावली, पण आभाळ काही भरले नाही. २०१५च्या अंदाजानुसार भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार आणि लांब चोचीची सुमारे बारा हजार गिधाडे उरली होती. हरियाणात पिंजोर येथे त्यांची पैदास करण्यात आली. तिथली काही गिधाडे २०२४ साली आपल्याकडे पेंच आणि ताडोबाला आणली गेली. नाशिककडे हरसूलजवळ खोरीपाड्याला, आमच्या फणसाड अभयारण्यात, अशी 'गिधाडांची खानावळ' चालवण्याचे प्रयोग झाले. औषध न दिलेले मेलेले जनावर ठरलेल्या जागी ठेवायचे, इतकी ती साधी कल्पना. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने आणि महाडच्या 'सिस्केप'ने कोकणात गिधाडांसाठी काम केले. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची राई तर या पक्ष्यांमुळेच लोकांना माहीत झाली. पण अडचणी एकट्या येत नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-म्हसळ्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. गिधाडाला घरट्यासाठी लागतात तसे जुने, उंच वृक्ष कितीतरी कोसळले. झाड परत उभे राहायला माणसाचा जन्म जातो.

मग आपण काय करायचे? मी शाळामास्तर, म्हणून शेवटी थोडा गृहपाठ देतो.

ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे, त्यांनी सुई टोचण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारावे, 'यात डायक्लोफिनॅक नाही ना? मेलॉक्सिकॅम चालेल का?' विचारल्याचा कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना राग येणार नाही. माणसाचे औषध परस्पर जनावराला देऊ नये. जनावर दगावले आणि मरण्याआधीच्या आठवड्यात त्याला वेदनाशामक दिलेले असेल, तर ते उघड्यावर टाकू नये, खोल खड्डा करून पुरावे. औषध दिलेले नसेल आणि जवळपास गिधाडे असतील, तर वनखात्याला कळवावे. ज्यांच्याकडे गोठा नाही पण वाडी आहे, त्यांनी घरटे असलेले झाड पिल्लू उडेपर्यंत तोडू नये. आणि ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांनी निदान मुलांना सांगावे की गिधाड जिवंत जनावराचे लचके तोडत नाही. ते मेलेल्याचे ओझे जिवंतांच्या डोक्यावरून उतरवते.

गेल्या उन्हाळ्यात एका गोठ्यावर गेलो होतो. मालकांनी औषधाची बाटली माझ्यापुढे धरली आणि विचारले, "मास्तर, हे चालेल का बघा." बाटलीवर मेलॉक्सिकॅम लिहिले होते. त्यांच्या गावात गेली कित्येक वर्षे गिधाड दिसलेले नाही. तरीही ते विचारतात. असे विचारणारे गोठे गावागावांत वाढले, तर गिधाडांना परत यायला वाट मोकळी राहील. आपल्या गावात ही चौकशी आजपासून सुरू करा, एवढीच विनंती.