हांक आणि ओ

(धर्मग्रामाच्या महोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं नांदेड-लातूरकडील श्रोत्यांपुढें समुद्रावरील संकटाचा विषय घ्यावा, हें आपणांपैकीं कांहींना चमत्कारिक वाटेल. समुद्र येथून शेंकडों मैल दूर; आणि आपली गोदावरीसुद्धां अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेच्या उपसागराला मिळते. परंतु पोटासाठीं आपल्या मुलखांतील माणूस आतां कोठेंहि जातो. व्यापारी जहाजांवर जातो, मुंबईसमोरच्या तेलविहिरींवर जातो. शिवाय वसई, उत्तन, गोराई या किनाऱ्यांवरील आपले मराठी बोलणारे कॅथॉलिक कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या दर्यावरच पोट भरीत आले आहेत. त्यांचें संकट तें आपलेंहि संकट होय.

आणि हांक ऐकूं न येणें म्हणजे काय, हें लातूरच्या माणसाला शिकवावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारीवर आणि आसपासच्या गांवांवर दगडमातीच्या भिंती कोसळल्या. ढिगाऱ्याखालची हांक ज्यांच्या कानीं आली त्यांनीं नुसत्या हातांनीं माती उपसली. ज्यांची हांक कोणाच्याच कानीं गेली नाहीं, ते तेथेंच राहिले. समुद्रावर तर शेजारीहि नाहीं आणि ढिगाऱ्याची खूणहि उरत नाहीं. म्हणून तेथें माणसाची हांक दूरवर नेणारें साधन हवें, आणि तितकेंच अगत्याचें म्हणजे ती ऐकणारा जागा कान हवा. या दोहोंपैकीं एक नसेल तर दुसरें व्यर्थ होय, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

साधनच नसलें तर काय होतें, याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी दर्या खवळलेला होता. सुमारें अर्ध्या तासानें काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली आणि बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. हिंदुस्थानांतील एवढें मोठें बंदर हांकेच्या अंतरावर असतां ही बोट हांक ना बोंब अशी नाहींशी झाली. आणि पोहून निसटलेल्या लोकांच्या तोंडून ही वार्ता मुंबईस कळेपर्यंत दिवस कलला होता. जे वांचले त्यांतील अनेकांना कोळी बांधवांच्या होड्यांनीं उचललें. तेंहि त्यांच्या डोळ्यांना तीं बुडतीं माणसें दिसलीं म्हणून.

आतां दुसरी बाजू पाहा. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली. तिच्यावर त्या काळचें उत्तम बिनतारी यंत्र होतें आणि तें चालविणारीं दोन माणसें होतीं. थोड्याच मैलांवर 'कॅलिफोर्नियन' नांवाचें जहाज बर्फामुळें थांबून राहिलें होतें. परंतु त्यावरील एकुलता एक तारायंत्री दिवसभराच्या कामानें थकून, आदळण्याच्या कांहीं मिनिटें आधींच यंत्र बंद करून निजला होता. त्यानें नियम मोडला नव्हता, कारण रात्रभर ऐकत बसण्याचा नियमच नव्हता. 'कार्पेथिया' हें जहाज पुष्कळ दूर होतें. पण तेथील तारायंत्री बिछान्याकडे वळण्याच्या बेतांत असतांहि त्याचे कान अजून यंत्राशीं होते. सुमारें सातशें माणसें जगलीं तीं त्या जाग्या कानामुळें. पंधराशें माणसें गेलीं. यानंतर लंडन येथें १९१४ सालीं समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि जहाजांनीं अहोरात्र कान देऊन राहावें हें तत्त्व त्यांत आलें.

तारायंत्राच्या त्या युगांत एक सुंदर रीत पडली. संकटाची खूण एस-ओ-एस, म्हणजे तीन टिंबें, तीन रेघा, तीन टिंबें, ही १९०६ च्या बर्लिन परिषदेंत ठरली होती. ती ५०० किलोहर्ट्‌झच्या लहरीवर पाठवीत. परंतु त्याच लहरीवर शेंकडों जहाजांचें बोलणें चाले. त्या गलबल्यांत एखाद्या बुडत्या जहाजाचा क्षीण स्वर कसा ऐकूं यावा? म्हणून दर तासाला दोन वेळां, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटें, सर्वांनीं गप्प राहून केवळ ऐकावें असा नियम झाला. जहाजावरील बिनतारीच्या खोलींतील घड्याळावर हीं मिनिटें तांबड्या रंगानें दाखविलेलीं असत. लहान-मोठें, श्रीमंत-गरीब, सर्व राष्ट्रांचीं जहाजें त्या तीन मिनिटांत मुकीं होत, कां, तर कोणी दुबळा बोलत असेल तर त्याला वाव मिळावा.

आतां तें युग सरलें. १९९२ ते १९९९ या वर्षांत टप्प्याटप्प्यानें नवी जागतिक व्यवस्था अमलांत आली. तारायंत्री गेला आणि त्याच्या जागीं न झोंपणारीं यंत्रें आलीं. जवळच्या अंतरासाठीं अतिउच्च लहरींचा रेडिओ असतो. त्याच्या सोळाव्या वाहिनीवर तोंडानें हांक मारतात. सत्तराव्या वाहिनीवर यंत्रच यंत्राला हांक मारतें. झांकणाखालचें तांबडें बटण कांहीं सेकंद दाबून धरलें कीं जहाजाचा क्रमांक आणि, यंत्राला उपग्रहाची जोड असेल तर, ठिकाणहि आपोआप चोहोंकडे जातें, आणि आसपासच्या जहाजांवर घंटा वाजते. याखेरीज मोठ्या जहाजांवर एक तरंगतें संकटसूचक यंत्र असतें. जहाज बुडूं लागलें कीं पाण्याच्या दाबानें त्याची कडी सुटते, तें वर येतें आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाला साद घालूं लागतें. ती निदान ४८ तास चालू राहावी अशी त्याची बांधणी असते. हिंदुस्थानांत ही साद बंगळूर आणि लखनौ येथील केंद्रांत उतरते, आणि तेथून तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथील बचाव केंद्रांना कळविलें जातें.

गरीब मच्छीमाराचाहि येथें विसर पडलेला नाहीं. त्याच्या होडीसाठीं आपल्या अवकाश संशोधन संस्थेनें एक लहान संकटसूचक यंत्र २०१० सालापासून दिलें. बटण दाबलें कीं संदेश जाई. पण तो पोंचला किंवा नाहीं, हें होडीवरच्या माणसाला कळत नसे. अंधाऱ्या रात्रीं लाटांच्या माऱ्यांत वाट पाहणाऱ्या तांडेलाला ही अनिश्चितता किती जाचत असेल! जानेवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रांत ही उणीव दूर झाली. आतां केंद्राकडून उलट पोंच येते. वादळाची सूचनाहि येते, आणि मोबाईलला जोडून ती आपल्या भाषेंत वाचतां येते. हांकेला 'ओ' आली कीं माणसाच्या अंगीं टिकून राहण्याचें बळ येतें.

तोंडानें हांक मारण्याचीहि एक शिस्त आहे. 'मेडे' हा शब्द तीन वेळां उच्चारावा. मूळ फ्रेंच शब्दांवरून आलेल्या या शब्दाचा भाव 'मला साहाय्य करा' असा आहे. मग जहाजाचें नांव तीन वेळां. त्यानंतर आपण कोठें आहोंत, काय झालें आहे, कोणतें साहाय्य हवें, आणि माणसें किती, हें सांगावें. यांत 'कोठें' हें सर्वांत महत्त्वाचें. कारण ठिकाण कळलें आणि पुढचे शब्द तुटले तरी शोध घेतां येतो. घाबरलेला माणूस रडतो, ओरडतो, आणि नेमकें हेंच सांगावयाचें विसरतो. म्हणून हें शांत दिवशींच पाठ करून ठेवावयाचें असतें. ज्याच्या कानीं ही हांक पडेल त्यानें प्रथम आपलें बोलणें थांबवावें. कोणीहि उत्तर देत नाहीं असें आढळल्यास ती हांक स्वतःच्या तोंडानें पुढें पोंचवावी. आणि साहाय्य करणें शक्य असेल तर कप्तानानें आपला मार्ग सोडून वेगानें तिकडे निघावें. हा केवळ दयेचा प्रश्न नाहीं; आंतरराष्ट्रीय कायद्यानें तें त्याचें कर्तव्य ठरविलें आहे. बटण चुकून दाबलें गेल्यास यंत्र गुपचूप बंद करून लपवूं नये. ताबडतोब कळवून हांक मागें घ्यावी, म्हणजे खऱ्या संकटाकडे जाणारीं माणसें भलतीकडे धांवणार नाहींत.

तथापि यंत्रावर सारा भार टाकूं नये. १७ मे २०२१ रोजीं 'तौक्ते' चक्रीवादळांत मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रांत 'पी-३०५' हा कामगारांचा तराफा नांगर तुटून वाहवला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. हांक गेली होती, ती ऐकलीहि गेली. नौदलाचीं जहाजें तसल्या तुफानांत तेथें पोंचलीं आणि १८६ जण वांचले. बाकीचे परतले नाहींत. वादळाची सूचना आधीं कांहीं दिवस मिळालेली होती. किनाऱ्यावरून येणारी सूचना ही देखील एक हांकच आहे, आणि ती समुद्रावरच्या माणसानें ऐकावयाची आहे.

तेव्हां ज्यांचीं मुलें दर्यावर जातात त्या आईबापांनीं निरोप देतांना एवढें विचारावें: तुझ्या जहाजावरचें संकटयंत्र कोठें आहे, तें तुला चालवितां येतें काय, त्याची नोंदणी झाली आहे काय? मोबाईलच्या भरंवशावर राहूं नकोस, किनारा दूर गेला कीं तो मुका होतो, हें त्याला सांगावें. आणि समुद्रावरील संकटाची वार्ता किनाऱ्यावर कोणाला कळली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक ध्यानांत असावा. गोदावरीच्या पुरांत असेंच कोणी सांपडलें तर ११२ हा क्रमांक लावावा, आणि तेथेंहि पहिली गोष्ट सांगावयाची ती ठिकाणाची.

बिनतारी विद्येचा जनक मार्कोनी यानेंच व्हॅटिकनचें नभोवाणी केंद्र उभारलें, आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं अकरावे पायस पोप यांचा आवाज त्यावरून प्रथम जगभर गेला. त्या दिवसाचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु त्याच विद्येचा जो उपयोग रात्रीं एखाद्या एकाकी होडीसाठीं होतो, तो मला कमी मोलाचा वाटत नाहीं. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं ख्रिस्तसभा दर्यावर्दी लोकांसाठीं प्रार्थना करते. या वर्षीं आपण ती करूं तेव्हां त्या जुन्या घड्याळावरचीं तांबडीं मिनिटें आठवूं या. आपल्या गांवांतहि कर्जांत, आजारांत, एकटेपणांत बुडणारीं माणसें आहेत, आणि त्यांचा स्वर फार बारीक असतो. दिवसांतून तीन मिनिटें आपण बोलणें थांबविलें तर तो ऐकूं येईल.