चंदनतेलाची पारख

सहाणेवर खोड उगाळले की चंदनाची साक्ष आपले नाकच देते. परंतु त्याच खोडाचे तेल कुपीत शिरले की ही साक्ष अपुरी पडते. मग रसायनशास्त्राला पाचारण करावे लागते.

या शास्त्राचा आणि बंगळूरचा ऋणानुबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूर संस्थानातील चंदन लिलावाने विकले जाई आणि त्याचे तेल मुख्यतः जर्मनीत निघे. १९१४ साली ती वाट बंद झाली. तेव्हा येथील भारतीय विज्ञान संस्थेत सडबरो व वॉटसन यांनी ऊर्ध्वपातनाचे प्रयोग केले आणि १९१६ साली बंगळुरातच सरकारी कारखाना निघाला.

जुनी कसोटी साधी होती. चंदनाचे तेल पाचपट, सत्तर टक्के मद्यार्कात विरघळते. सीडारचे स्वस्त तेल मिसळले असेल, तर द्रावण गढुळते. आजची कसोटी अधिक सूक्ष्म आहे. तेलाची वाफ लांब, केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. अरुंद दारातून दिंडीतील माणसे एकेक करून बाहेर पडावीत, तसे घटक ठरावीक वेळी बाहेर येतात आणि मोजले जातात. भारतीय चंदनाच्या तेलात अल्फा सँटलॉल ४१ ते ५५ टक्के व बीटा सँटलॉल १६ ते २४ टक्के असावे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील निराळ्या जातीच्या चंदनात सँटलॉल कमी व फार्नेसॉल अधिक आढळते. जात अशी उघड होते.

जन्मभूमी मात्र इतक्या सहज सापडत नाही. आपलीच जात आता उत्तर ऑस्ट्रेलियातही लावली जाते आणि तिचे तेल आपल्या तेलाशी पुष्कळसे जुळते. युरोपात ऑलिव्ह तेलाचे मूळ शोधणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. पाणी-मातीची खूण मूलद्रव्यांच्या समस्थानिकांत काही अंशी उमटते; पण ती वाचण्यास खात्रीच्या नमुन्यांचा संग्रह हवा, आणि झाड कोठे तोडले याची चोख नोंदही हवी.

श्रोते हो, हा केवळ पंडितांचा खल नव्हे. कर्नाटकात २००१ च्या कायद्यानंतर शेतकरी आपल्या जमिनीतील चंदनाचा धनी झाला. परंतु झाडाचा गाभा भरण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. भेसळीचे तेल म्हैसूरच्या नावाने विकले गेले, तर त्याच्या या धीराचेच मोल बुडते. परीक्षानळीची सचोटी त्याच्यासाठी आहे.