किल्ली शेजारी आहे



माझ्या कामातली एकच गोष्ट सांगते. घराला कुलूप लावताना आपण दारावर चिठ्ठी लावतो, ‘किल्ली शेजारी आहे.’ लिनक्समध्ये अशा चिठ्ठीला सिम्बॉलिक लिंक म्हणतात. तिच्यात फाइल नसते, फाइलचा पत्ता असतो. २०१२ साली फेडोरा १७ मध्ये ‘लिब’ फोल्डर ‘यूएसआर’च्या आत हलवला, तेव्हा जुन्या जागी अशीच चिठ्ठी ठेवली. त्यामुळे जुने प्रोग्रॅम चालत राहिले.

कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क उघडण्यापुरतं सामान एका लहान गाठोड्यातून आधी मेमरीत येतं. हे गाठोडं बांधणाऱ्या टूलने चिठ्ठी भलत्याच फोल्डरमध्ये ठेवली, तर मजकूर तोच राहतो, पण शेजार बदलतो. यादीत चिठ्ठी दिसते. उघडायला गेलं की उत्तर येतं, ‘अशी फाइल नाही.’ चिठ्ठी लावताना पत्ता खरा आहे का, हे लिनक्स तपासत नाही.

अपडेटच्या वेळी नवं गाठोडं बांधलं जातं, पण उघडतं ते पुढच्या वेळी मशीन सुरू करताना. तोवर सर्व्हर महिनोन्‌महिने सुरळीत चालतो आणि एखाद्या रात्री वीज जाऊन आली की अडून बसतो. डिस्कवरचा डेटा शाबूत असतो, पण तिथवर पोचता येत नाही.

म्हणून गाठोडं बांधल्याबरोबर त्यातली प्रत्येक चिठ्ठी कुठे नेते, ते पाहायचं. सर, गणिताच्या तासाला तुम्ही उत्तराखाली ताळा करायला लावायचात. हे तेच आहे.