ओढ्याच्या रेतीतलं मॅग्नेटाइट

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शिवारात पाऊस उघडला की ओढ्याकाठच्या वाळल्या रेतीत लोहचुंबक फिरवा. आधी कागदात गुंडाळा, म्हणजे कण झटकता येतील. बारीक काळे कण दाटीनं उभे राहतात. हे मॅग्नेटाइट, लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग, बेसाल्ट खडक झिजून मोकळं झालेलं. बऱ्याचदा त्यात थोडं टायटॅनियमही असतं.

त्याची रचना विलक्षण देखणी आहे. लोखंडाचे अणू दोन तऱ्हेच्या जागी बसतात. काहींभोवती चार ऑक्सिजन, काहींभोवती सहा. मधल्या ऑक्सिजनच्या दुव्यामुळे या दोन गटांचं चुंबकत्व एकमेकांविरुद्ध वळतं. पण सहावाल्यांची संख्या दुप्पट, म्हणून सगळं खोडलं जात नाही. उरतं तेच आपल्या लोहचुंबकाला ओढतं. भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ मध्ये हे उलगडलं. १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या बेसाल्टचा लाव्हा निवताना या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या खडकांतली ती दिशा मोजून १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून दिसलं, की हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.