शिवणाचे पैसे आणि घराचे कर्ज



मी सातवीपर्यंत शिकलेली. मला भाषण येत नाही, घडले ते सांगते.

आमच्या ह्यांचा पगार 22 हजार. माझे शिवणाचे सहा-सात हजार, पण ते पिठाच्या डब्यात. पहिल्या बँकेत साहेब म्हणाले, “सिबिलचे गुण कमी आहेत.” हे गुण 300 ते 900 असतात म्हणे. आम्ही तर कधी कर्जच काढले नव्हते! मग उलगडा झाला. भाऊजींच्या मोटारसायकलीच्या कर्जाला हे जामीन राहिले होते, आणि हप्ते थकले होते. ते जामीनदारालाही बाधते, हे आम्हांला कुठे ठाऊक? घरात तीन दिवस अबोला. शेवटी माझ्या पाटल्या मोडून ते फेडले. जाऊबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, असो.

पुढे वर्षभर शिवणाचा पैसा न् पैसा बँकेत भरला, गिऱ्हाइकांची वही ठेवली. दुसऱ्या बँकेने दोघांची मिळकत धरली. 12 लाख मिळाले, 20 वर्षांच्या मुदतीने, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता 10,400 च्या आसपास. मुद्रांक शुल्क मात्र सहसा कर्जात धरत नाहीत, ती रक्कम आधी जमवून ठेवा. घर केवळ बाईच्या नावावर घेतले तर आपल्या महाराष्ट्रात 2021 पासून त्यात एक टक्का सवलत आहे. म्हणून घर माझ्या नावावर, कर्जावर सह्या दोघांच्या.

दारावरची पाटी अजून लावायची आहे. तिच्यावर दोन्ही नावे घालावीत, असे माझ्या मनात आहे.