इस्लामी बँका : दावा आणि ताळेबंद



व्याजाविना बँक चालू शकते काय, हा प्रश्न 1963 मध्ये इजिप्तमधील मित घम्र येथे अहमद अल-नज्जार यांनी बचत बँक काढली तेव्हापासून चर्चेत आहे. 1975 मध्ये दुबई इस्लामी बँक स्थापन झाली आणि तेलाच्या पैशाबरोबर हा व्यवहार आखातापासून मलेशियापर्यंत पसरला. अशी बँक चालते, हे एव्हाना सिद्ध झाले आहे. ती इतर बँकांहून अधिक सुरक्षित आणि अधिक न्याय्य असते, हा मात्र दावा आहे; आणि त्याची परीक्षा धर्मग्रंथात नव्हे, ताळेबंदात व्हावयास हवी.

2008 च्या जागतिक अरिष्टाने या दाव्याला मोठेच बळ दिले. अमेरिकेतील बुडीत गृहकर्जांवर बेतलेले रोखे शरीयतच्या बंधनांमुळे इस्लामी बँकांनी घेतले नव्हते, म्हणून पहिला तडाखा त्यांना कमी बसला. हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु पुढचे वर्ष पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या माहेर हसन व जेम्मा द्रिदी यांनी 2010 मध्ये आठ देशांतील बँकांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. 2008 मध्ये इस्लामी बँकांचा नफा कमी घटला. 2009 मध्ये मंदी प्रत्यक्ष उद्योग आणि बांधकामांपर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांचीच घसरण अधिक झाली. त्यांपैकी काही बँकांचे जोखीम-व्यवस्थापन कच्चे होते. नाणेनिधीच्याच 2008 मधील एका अभ्यासात लहान इस्लामी बँका लहान व्यापारी बँकांपेक्षा सुदृढ आढळल्या, मोठ्यांच्या बाबतीत चित्र नेमके उलटे होते. 2013 मध्ये थॉर्स्टन बेक आणि सहकाऱ्यांनी 22 देशांची तुलना केली. इस्लामी बँकांचे भांडवल अधिक भक्कम, कर्जांची प्रतही बरी. पण व्यवहाराचा खर्च जास्त, आणि एकंदर कारभारात फरक थोडाच.

फरक थोडा का, हे व्यवहार पाहिला की कळते. नफा-तोट्यातील भागीदारी हे या विचाराचे मूळ तत्त्व. प्रत्यक्षात प्रस्थ आहे ते मुराबहाचे. ग्राहकाला हवी असलेली वस्तू बँक विकत घेते आणि नफा चढवून त्यालाच हप्त्यांनी विकते. तो नफा ठरविताना वर्षानुवर्षे लंडनचा आंतरबँक व्याजदरच प्रमाण मानला गेला! मलेशियाविषयी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर इस्लामी ठेवींवरील परतावा सामान्य बँकांच्या व्याजदरामागोमाग हलताना दिसला. कौटिल्याने दरमहा शेकडा सव्वा पण हा धर्म्य दर सांगितला. व्यापाऱ्यास पाच, अरण्यातून जाणाऱ्यास दहा, समुद्रावर जाणाऱ्यास वीस. जोखमीचे मोल त्याने उघडपणे मांडले. मुराबहात तेच मोल विक्रीच्या किमतीत दडते.

ठेवीदाराचे काय? तुर्कस्तानातील इहलास फिनान्स ही तेथील सर्वांत मोठी व्याजमुक्त वित्तसंस्था 2001 मध्ये बंद पडली. आपल्याच समूहातील कंपन्यांना दिलेला पैसा तिला भोवला. मुंबईकरांना हे वाचताना पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँक आठवल्याखेरीज राहणार नाही. ती तर व्याजावर चालणारी बँक. परंतु तिची सुमारे सत्तर टक्के कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले आणि निवृत्तांना स्वतःच्या आयुष्याच्या कमाईतून प्रारंभी एक हजार रुपयेच काढता येत होते. हे पाप कोणत्याही पंथाचे नव्हे, ते कर्ज देणाऱ्याच्या बेफिकिरीचे आहे.

म्हणूनच आपल्या देशात वेगळी खिडकी उघडण्याच्या मागणीकडे ठेवीदाराच्या बाजूने पाहावयास हवे. बँकिंग नियमन कायद्याचे आठवे कलम बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीचा व्यापार करू देत नाही, आणि मुराबहा तर त्यावरच उभा आहे. 2008 मध्ये रघुराम राजन समितीने व्याजमुक्त बँकिंगची शिफारस केली, 2015 मध्ये दीपक मोहंती समितीनेही केली. अखेर 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. बँकिंग सेवा मिळविण्याची व्यापक व समान संधी सर्व नागरिकांना उपलब्ध आहे, हे त्यासाठी विचारात घेतले गेले. ज्यांना व्याज वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी नफा-तोट्यातील खरीखुरी भागीदारी शेअर बाजारात खुलीच आहे. मुंबई शेअर बाजारात डिसेंबर 2010 मध्ये शरीयतसंमत 50 समभागांचा निर्देशांकही सुरू झाला, आणि त्यासाठी बँकिंग कायद्याचे एकही कलम बदलावे लागले नाही.