जुनी मोटारसायकल कीं नवी?

पूर्वीं घोडा विकत घेणारा मनुष्य आधीं त्याचे दांत पाही, मग खूर पाही आणि नंतर त्याची चाल पाही. रंगाकडे व आयाळीकडे तो सर्वांत शेवटीं वळे. हल्लीं मोटारसायकल घेणारा तरुण बहुधा याच्या उलट क्रमानें जातो. ज्या रस्त्यावर ती चालवावयाची तो कसा आहे, आपले पाय जमिनीस नीट टेकतात कीं नाहीं, आणि आडरानांत ती बंद पडली तर ती कोण दुरुस्त करणार, हे प्रश्न त्यास पैसे मोजून झाल्यावर सुचतात.

पुण्यामुंबईकडील पुष्कळ घरांतून आज हा विषय निघतो. घरांतील तरुण मंडळी उन्हाळ्यांत लडाखला किंवा स्पितीला मोटारसायकलीनें जाण्याचा बेत करतात, आणि जेवतांना वाद सुरू होतो. एक म्हणतो, जुनी घ्यावी, थोड्या पैशांत काम होईल, उरलेल्या पैशांत तिला हवें तसें सजवतां येईल. दुसरा म्हणतो, दुसऱ्याचें दुखणें पदरीं कशाला घ्यावें? नवीच घ्यावी. दोन्ही मतें सारखींच अर्धवट आहेत. या निवडींत घराचे लाख-दोन लाख रुपये गुंतलेले असतातच. पण एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी अशा वाटेवर जाणाऱ्या माणसाचा जीवही गुंतलेला असतो. म्हणून हा विषय थोडा बारकाईनें पाहणें योग्य होईल.

डांबरी सडक आणि दगडाधोंड्यांची वाट या दोहोंवर चालावी अशा बेतानें बांधलेल्या मोटारसायकलीस इंग्रजींत ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात. जपानच्या यामाहा कंपनीनें १९६८ सालीं डीटी-१ ही गाडी काढली, तेव्हांपासून हा प्रकार सामान्य माणसाच्या हातीं आला. १९७९ सालची पहिली पॅरिस-डाकार शर्यत त्याच कंपनीच्या एक्सटी-५०० या गाडीनें जिंकली, आणि १९८० सालीं जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनें आर-८० जी/एस ही लांब पल्ल्याची गाडी आणली. या सर्व गाड्यांचीं लक्षणें ठरलेलीं आहेत. पुढचें चाक बहुधा २१ इंचांचें असतें; मोठें चाक दगडावर अडून न बसतां त्यावरून चढून जातें. चाकांस तारांच्या स्पोक असतात, कारण धक्का बसला असतां त्या लवतात व पुन्हा ताणून घेतां येतात. एंजिनाचें पोट जमिनीपासून उंच असतें, आणि स्प्रिंगांस वरखालीं होण्यास भरपूर जागा ठेवलेली असते.

आपल्याकडे हिरो कंपनीनें २०११ सालीं इम्पल्स ही १४९ सीसीची गाडी आणली, पण तिला म्हणावे तसे गिऱ्हाईक मिळालें नाहीं. २०१६ सालीं रॉयल एन्फील्डची हिमालयन आली, २०१९ सालीं हिरोची एक्सपल्स २०० आली, आणि मग ही आवड घरोघर पसरली. जुन्यानव्याचा वाद समजून घेण्यास हिमालयन हेंच उदाहरण सोयीचें, कारण तिचीं दोन रूपें आज शेजारींशेजारीं उभीं आहेत: जुनें वापरलेल्या गाड्यांच्या बाजारांत, आणि २०२३ अखेर आलेलें नवें दुकानांत.

जुन्या गाडीचें एंजिन ४११ सीसीचें असून तें हवेनें व तेलानें थंड होतें. त्याची शक्ति सुमारें २४ अश्वशक्ति, टॉर्क ३२ न्यूटन-मीटर, आणि गिअर पांच. नव्या गाडीचें एंजिन ४५२ सीसीचें, पाण्यानें थंड होणारें, चार व्हॉल्व्हचें. शक्ति सुमारें ४० अश्वशक्ति, टॉर्क ४० न्यूटन-मीटर, गिअर सहा. जुनीची पेट्रोलची टाकी १५ लिटरची, नवीची १७ लिटरची. बसण्याची उंची जुनीची ८०० मिलिमीटर, नवीची ८२५. चाकांची मापें, पुढें २१ इंच व मागें १७ इंच, दोहोंत सारखींच.

या आंकड्यांत एक आंकडा असा आहे कीं ज्याकडे बहुतेकांचें लक्ष जात नाहीं. २०२० नंतरच्या जुन्या गाडीचें वजन १९९ किलो, आणि नवीचें १९६ किलो. शक्ति दीडपटीहून अधिक वाढली. वजन तीनच किलो कमी झालें. म्हणजे चिखलांत किंवा वाळूंत गाडी आडवी झाली, तर ती उचलण्यास जुनीला जेवढे श्रम, तेवढेच नवीला. पावसाळ्यांत कोंकणांतील तांबड्या चिखलाच्या वाटेवर ४० अश्वशक्ति कांहीं कामाची नाहीं. तेथें हलकेपणा कामास येतो. ज्यास मुख्यतः सह्याद्रीच्या आडवाटा हिंडावयाच्या आहेत, त्यानें या दोन गाड्यांपैकीं कोणती, हा प्रश्नच बाजूस ठेवून, १६० किलोच्या आंत वजन असलेली एक्सपल्स २०० पाहावी. तिची शक्ति १८-१९ अश्वशक्तीच आहे, पण एकटा मनुष्य ती उचलूं शकतो.

मग अधिक शक्तीचा उपयोग कोठें? एक उंचीवर, आणि दुसरा लांबच्या सडकेवर. लडाखमधील खारदुंग ला ही खिंड सुमारें ५,३५० मीटर उंचीवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास येतो. एंजिन जितकी हवा ओढील तितकेंच पेट्रोल तें जाळूं शकतें. त्यामुळें तेथें त्याची ताकद दोन पंचमांशांहून अधिक घटते. जुन्या गाडीजवळ तेरा-चौदा अश्वशक्ति उरते, नवीजवळ बावीस-तेवीस. मुंबईच्या चौपाटीवर जुन्या गाडीची जी ताकद, जवळजवळ तीच नव्या गाडीजवळ खिंडीच्या माथ्यावर शिल्लक राहते. मागें दुसरें माणूस व दोन्ही बाजूंस सामान असेल, तर हा फरक चढावर चांगलाच जाणवतो. एकटा मनुष्य थोड्या सामानानिशीं जाणार असेल, तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें जुनी गाडीही हळूहळू पण खात्रीनें वर जाते. हजारों जुन्या गाड्या या खिंडी चढून आल्या आहेत.

सडकेची गोष्ट निराळी. पुण्याहून मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहे. जुनी गाडी ताशीं ऐंशी-नव्वदच्या चालीवर सुखी असते. त्यापुढें ती थरथरते, आणि मालमोटारीस ओलांडून जाण्यास तिला फार वेळ लागतो. नवी गाडी हें काम सहज करते. मात्र जे लोक गाडी आगगाडीनें दिल्लीस किंवा चंडीगडला पाठवितात व तेथून पुढें चालवितात, त्यांच्यापुरता हा मुद्दा बहुतांशीं गळून पडतो.

दुरुस्तीच्या बाबतींत पारडें दुसऱ्या बाजूस झुकतें. जुन्या एंजिनास पाण्याचा रेडिएटर नाहीं, त्यामुळें दगड लागून तो फुटण्याची भीति नाहीं. व्हॉल्व्ह दोनच, आणि ॲक्सिलरेटरची साधी तार. पुष्कळ गांवच्या मेकॅनिकांचा हात या एंजिनावर बसलेला आहे. नव्या गाडीचा ॲक्सिलरेटर विजेच्या संदेशावर चालतो, आणि तिच्या यंत्रणेंत कांहीं बिघाड झाला तर तो वाचण्यास कंपनीचें उपकरण लागतें. उलट नव्या गाडीस कंपनीची हमी असते. जुनीची हमी बहुधा संपलेली असते. जुनी म्हणजे पान्या-हातोड्यानें दुरुस्त होणारी, ही समजूतही सर्वस्वीं खरी नाहीं. कार्ब्युरेटर २०१६ च्या गाडीस होता. २०१७ पासून जुन्या हिमालयनलाही पेट्रोल इंजेक्शननेंच मिळतें.

यावरून जुनी गाडी घेतांना ती कोणत्या सालची, हें पाहणें किती महत्त्वाचें आहे तें ध्यानांत येईल. २०१८ सालीं तिला एबीएस, म्हणजे चाक घसरूं न देणारी ब्रेकची योजना, मिळाली. २०२० सालापासून मागच्या चाकाचें एबीएस खडीच्या वाटेवर बंद करण्याची सोय झाली. टायर बदलतां येतो, दिवा बदलतां येतो. एबीएस मागाहून बसवितां येत नाहीं. थोडे पैसे वाचतात म्हणून एबीएस नसलेली गाडी नवशिक्याच्या हातीं देऊं नये. पेट्रोलचाही विचार हवा. आतां पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें, आणि तें सोसणारे रबरी व धातूचे भाग १ एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या वाहनांत घातले जातात. त्यापूर्वींच्या गाडीच्या रबरी नळ्या व सीलें तपासून घ्यावींत.

गाडी पाहावयास जातांना विकणारास आधींच सांगावें कीं, तो येईपर्यंत एंजिन सुरू करूं नका. गार एंजिन खरें बोलतें. तापवून ठेवलेलें एंजिन दोष झांकतें. सांगाड्यावर जोड किंवा नवा रंग आहे का, चाकांच्या कडा वांकल्या आहेत का, पुढच्या फोर्कमधून तेल पाझरतें का, हँडल वळवितांना मध्येंच अडतें का, हें पाहावें. एंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक नोंदणीपत्राशीं ताडून घ्यावा. बँकेचें कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरला आहे कीं नाहीं, याची खात्री करावी. मालकी बदलण्याचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने वेळेवर भरावे, आणि विमा चौदा दिवसांच्या आंत स्वतःच्या नांवें करून घेण्यास अर्ज द्यावा. या शेवटल्या गोष्टीची हयगय झाली, तर अपघाताच्या वेळीं साऱ्या कुटुंबास तिची किंमत मोजावी लागते.

आतां सुधारणेविषयीं. या बाबतींत अमेरिकेंतील कावासाकी केएलआर-६५० या गाडीचें उदाहरण मननीय आहे. १९८७ पासून २००७ पर्यंत ती फारशी न बदलतां विकली गेली. तिच्या एंजिनांत बॅलन्सरच्या साखळीचा ताण राखणारा एक लहानसा लिव्हर होता. तो कधींकधीं मोडे, आणि त्याचे तुकडे एंजिनांत पडत. जाणते मालक गाडी घेतल्यावर प्रथम तो लिव्हर काढून मजबूत लिव्हर बसवीत. गाडी उभी असतां तो भाग कोणास दिसतही नाहीं. सुधारणा या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे: आपल्या गाडीचा जो दुबळा भाग, त्यावर पहिला पैसा खर्चावा.

जुन्या हिमालयनचा पुढचा ब्रेक मवाळ आहे, अशी तक्रार पुष्कळांनीं केली आहे. चांगले ब्रेक-पॅड व पोलादी जाळीची नळी घातल्यानें तो बराच सुधारतो. त्यानंतर टायर. खडीवर धरून राहणारा टायर ओल्या डांबरावर तितका विश्वासाचा नसतो. म्हणून आपली वाट अधिक कोणती, हें आधीं ठरवावें. मग आपल्या वजनास व सामानास साजेल अशी मागची स्प्रिंग, एंजिनाच्या पोटाखालीं मजबूत पत्रा, आणि हातांपुढें ढाली. नव्या गाडीस शक्तीची वाण नाहीं. तिच्या मालकानें रेडिएटरपुढें जाळी बसवावी, आणि ट्यूबचीं चाकें असतील तर पंक्चर काढण्यास शिकावें. सस्पेन्शन उंच करण्याचा मोह आंखूड पायांच्या माणसानें टाळावा. उतारावर थांबतांना पाय टेकला नाहीं तर गाडी दरीच्या बाजूस कलते.

सायलेन्सर बदलून आवाज वाढविण्यास मात्र सुधारणा म्हणतां येत नाहीं. त्यानें शक्ति नांवालाच वाढते, शेजाऱ्यांची झोंप मोडते, आणि कायद्याचा भंग होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं न जुळणारा बदल गाडींत करतां येत नाहीं. ज्यास जुन्या गाडीचें एंजिन नव्यासारखें करावयाचें आहे, त्यानें ते पैसे सांठवून नवी गाडीच घ्यावी. हजारोंचा खर्च करूनही २४ चे ४० होत नाहींत.

एक सुधारणा अशी आहे कीं ती दोन्ही गाड्यांस लागू पडते, आणि तिला पैसाही थोडा लागतो. ती चालविणाराची. पायदानांवर उभें राहून गाडी चालविणें, खडीवर ब्रेक हलकेच लावणें, पडलेली गाडी पाठीस इजा न होतां उचलणें, हें शिकवितां येतें आणि शिकावेंच लागतें. आठ-दहा रविवार मोकळ्या माळावर यासाठीं दिले, तर त्यांचा उपयोग कोणत्याही विकत आणलेल्या सामानाहून अधिक होतो. चांगलें शिरस्त्राण, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि हातमोजे यांचे पैसे गाडीच्या किंमतींतच धरावे. ते मागाहून उरलेल्या पैशांतून घ्यावयाचे नव्हेत.

तेव्हां ज्यांच्या घरीं हा वाद चालू असेल, त्या श्रोत्यांनीं कागदावर तीन गोष्टी लिहाव्या: वर्षांतून किती दिवस सडकेवर व किती दिवस आडवाटेवर जावयाचें, एकट्यानें कीं दुकट्यानें, आणि घरापासून वीस किलोमीटरांच्या आंत ही गाडी जाणणारा मेकॅनिक कोण. दुकट्यानें दूरच्या सडका व उंच खिंडी हिंडणारानें नवी घ्यावी. एकट्यानें, सावकाश, स्वतःच्या हातानें पाना फिरवीत जाणारास २०२० नंतरची, नीट पारखलेली जुनी गाडी पुरे होईल. आणि ज्याच्या घरीं अगोदरच एक चांगली जुनी गाडी उभी आहे, त्यानें आधीं तिचे ब्रेक व टायर बदलून एक उन्हाळा ती चालवून पाहावी, आणि नव्या गाडीची इच्छा तरीही उरली तर मग दुकानाची पायरी चढावी.